गर्भांतलें हृदय आणि कुळाचा वारसा

‘डोहाळे’ हा शब्द आपल्या घरांत इतका रुळलेला आहे कीं, त्याच्या पोटांत हृदय दडलेलें आहे हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. सुश्रुतसंहितेच्या मतें चौथ्या महिन्यांत गर्भाचें हृदय व्यक्त होतें. त्या वेळीं स्त्रीच्या ठायीं दोन हृदयें नांदूं लागतात, म्हणून ती दौहृदिनी. आणि तिच्या त्या वेळच्या इच्छा म्हणजे गर्भाच्याच इच्छा, तेव्हां त्या पुरवाव्या. कल्पना मोठी रम्य आहे, आणि डोहाळजेवणाच्या पाटाभोवतीं ती आजहि जिवंत आहे. आधुनिक गर्भशास्त्रानें मात्र ह्या हिशेबांतले तीन महिने कमी केले आहेत. गर्भधारणेपासून सुमारें बाविसाव्या दिवशीं तांदळाच्या कणीएवढ्या त्या जीवांत हृदयाची नळी आकुंचन पावूं लागते. पाळी चुकून त्या वेळीं जेमतेम आठवडा झालेला असतो; कित्येक स्त्रियांस शंकाहि आलेली नसते. आठवा आठवडा सरतो न सरतो तोंच चार कप्प्यांचें, पडदे व झडपा असलेलें हृदय बांधून तयार होतें. तीन महिने पुरे होईपर्यंत बातमी कोणास सांगूं नये, असा आपल्या घरांतून रिवाज आहे. ती बातमी सांगितली जाते तेव्हां हृदयाचें बांधकाम आटोपून कारागीर दुसऱ्या कामास लागलेले असतात!

हा केवळ कुतूहलाचा विषय असता तर त्यावर इतकीं पानें खर्चण्याचें कारण नव्हतें. पण जन्मणाऱ्या दर शंभर मुलांमागें जवळजवळ एका मुलाच्या हृदयाच्या रचनेंत लहानमोठा दोष असतो, आणि आपल्या देशांत अशीं मुलें दरसाल दोन लाखांच्या घरांत जन्मत असावीं असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. मूल दूध पितांना थकतें, त्याला घाम फुटतो, रडतांना ओठ निळे पडतात; डॉक्टर तपासून ‘हृदयाला भोक आहे’ असें सांगतात; आणि त्या क्षणापासून घरांत दुसरेंच एक निदान सुरू होतें. ग्रहण लागलें होतें तेव्हां सून विळीवर बसली होती काय? तिच्या माहेरीं असें कोणी होतें काय? सुशिक्षित घरांत हे प्रश्न दबक्या आवाजांत विचारले जातात, एवढाच काय तो फरक. ज्या बाईनें नऊ महिने तें मूल वाहिलें तिलाच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करणाऱ्या ह्या चौकशीला शास्त्राचा आधार कितपत आहे, हें घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं एकदां नीट समजून घ्यावें असें आम्हांस वाटतें.

प्रथम बांधकामच पाहूं. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल ह्यानें कोंबडीचीं अंडीं रोज एक याप्रमाणें फोडून पाहिलीं, तेव्हां तिसऱ्या दिवसाच्या सुमारास त्याला पांढऱ्यांत एक लाल ठिपका उडतांना दिसला. तो ठिपका म्हणजे हृदय. माणसाच्या गर्भांतहि आरंभ असाच साधा असतो. चंद्रकोरीच्या आकारांत मांडलेल्या पेशी मध्यरेषेवर एकत्र येऊन एक सरळ नळी बनते. ही नळी वाढूं लागते, पण तिला जागा अपुरी. म्हणून ती वांकते, आणि वांकते ती बहुधा उजवीकडेच. ह्या वांकण्यामुळेंच पुढें हृदयाचें टोंक डावीकडे येतें. मग वरच्या दोन कप्प्यांमध्यें एक पडदा, खालच्या दोहोंमध्यें दुसरा, आणि बाहेर जाणाऱ्या एकाच मोठ्या नळाचे मळसूत्री पडद्यानें दोन भाग, एक शरीराकडे व एक फुप्फुसांकडे, असें काम चालतें. ह्या शेवटच्या पडद्यासाठीं लागणाऱ्या पेशी तर पाठीच्या बाजूनें, मज्जासंस्थेच्या कडेवरून प्रवास करीत येतात. इतके कारागीर, इतक्या दिशांनीं आणि इतक्या थोड्या दिवसांत येऊन जेथें काम करतात, तेथें शंभरांत नव्व्याण्णव वेळां तें बिनचूक व्हावें ह्याचेंच खरें आश्चर्य वाटावयास हवें.

नळी उजवीकडेच कां वांकते? ह्या प्रश्नाचें उत्तर मिळाले तें १९९८ साली जपानमध्यें, उंदराच्या गर्भावरील प्रयोगांत. आरंभींच्या गर्भावर एका ठिकाणीं सूक्ष्म लव असलेला खळगा असतो. ती लव भिंगरीसारखी फिरते आणि भोंवतालच्या द्रवाला डावीकडे ढकलते. त्या प्रवाहावरून पेशींना डावें-उजवें कळतें. ज्या उंदरांत ही लव नव्हती, त्यांत हृदय कोणत्या बाजूस जाईल ह्याचा निकाल छापा-काट्यासारखा लागला. माणसांतहि ज्यांची लव जन्मतःच निकामी असते अशांपैकीं सुमारें निम्म्यांचें हृदय उजवीकडे असतें, आणि त्यांस सर्दी-खोकल्याचा त्रास आयुष्यभर पुरतो. नाकांतली लव आणि हृदयाची बाजू ह्यांचा असा संबंध असेल हें कोणा कादंबरीकारालाहि सुचलें नसतें.

आतां ह्या कारागिरांना हुकूम कोण देतें, तें पाहूं. प्रत्येक पेशींत आईकडून आलेला एक व बापाकडून आलेला एक असे जनुकांचे दोन संच असतात. सर्व पेशींत जनुकें तींच. कोणतीं बोलावयाचीं व कोणतीं गप्प बसावयाचीं एवढ्यानेंच पेशी हृदयाची होते किंवा हाडाची. कांहीं जनुकांचें कामच मुळीं इतर जनुकांना जागें करण्याचें असतें. घरांत जशी एखादी आजी स्वतः कांहीं करीत नाहीं, पण तिच्या शब्दावांचून चूल पेटत नाहीं, तशीं हीं जनुकें. फळांवर घोंघावणाऱ्या चिलटांत असें एक जनुक सांपडलें. तें नसेल तर चिलटाला हृदयच बनत नाहीं, हें १९९३ सालीं सिद्ध झालें. संशोधकांनीं त्याला ‘टिनमॅन’ असें नांव दिलें. एका प्रसिद्ध अमेरिकन बालकथेंतील, हृदय नसलेला पत्र्याचा माणूस तो हाच. चिलटाचें हृदय म्हणजे पाठीलगतची एक साधी नळी. पण तेंच जनुक, थोड्या फरकानें, माशांत, कोंबडींत, उंदरांत आणि माणसांतहि आढळलें! १९९८ सालीं अशा कांहीं कुटुंबांचा अभ्यास झाला कीं ज्यांत पिढ्यानुपिढ्या वरच्या कप्प्यांच्या पडद्याला भोक आणि हृदयाच्या ठोक्यांचा संदेश अडखळणें हे दोन दोष जोडीनें उतरत होते. त्या सर्वांत ह्याच जनुकाच्या मानवी प्रतींत बिघाड सांपडला. ‘एनकेएक्स २-५’ असें त्याचें रुक्ष नांव आहे. शास्त्रज्ञ चिलटाच्या जनुकाला कथेंतलें नांव देतात आणि माणसाच्या जनुकाला आंकडा देतात, हा न्याय कांहीं आम्हांस उमगलेला नाहीं.

दुसरें उदाहरण ह्याहून बोलकें आहे. १९६० सालीं लंडनमध्यें मेरी होल्ट व सॅम्युएल ओरम ह्या दोन डॉक्टरांनीं एक कुटुंब पाहिलें. त्यांतील कित्येकांच्या हृदयाच्या पडद्याला भोक होतें, आणि त्यांचे आंगठेहि नेहमींसारखे नव्हते. हृदय आणि आंगठा ह्यांचा काय संबंध? १९९७ सालीं उत्तर मिळालें: ‘टीबीएक्स ५’ नांवाचें एकच हुकूम देणारें जनुक गर्भांत दोन्ही ठिकाणीं काम करतें. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ह्या रुग्णांत जनुकाची एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी शाबूत असते. तरीहि दोष उत्पन्न होतो, कारण हुकुमाचें प्रमाण निम्म्यावर येतें. विरजण निम्मेंच पडलें तर दहीं लागतें खरें, पण सैल. तसाच हा प्रकार. पडदा बनतो, पण पुरा मिटत नाहीं.

असे एकाच जनुकाचे, घराण्यांतून सरळ उतरणारे दोष मात्र थोडे. डाउन विकार असलेल्या मुलांत एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते, आणि त्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांच्या हृदयांत दोष असतो. बाविसाव्या गुणसूत्राचा लहानसा तुकडा गळाल्यामुळें होणारा आणखी एक प्रकार आहे. कांहीं मुलांत आईबापांकडे मुळींच नसलेला बदल बीजांत नव्यानेंच घडून आलेला असतो. आणि पुष्कळांच्या बाबतींत, सर्व तपासण्या करूनहि, एकच एक कारण हाताला लागत नाहीं. अनेक जनुकांचे बारीकसारीक फरक व गर्भांतली परिस्थिति ह्यांचा तो मिळून परिणाम असावा. म्हणून पहिल्या मुलाला असा दोष असला तरी दुसऱ्याला तो असण्याचा संभव बहुतेक प्रकारांत शेंकडा दोन ते पांच इतकाच असतो. शेंकडा पंचाण्णव वेळां दुसरें मूल निर्दोष येतें, हा आंकडा सासूबाईंनीं व सूनबाईंनीं दोघींनींहि पाठ करून ठेवावा. ग्रहणाचें नांव ह्या यादींत कोठेंहि नाहीं.

आईच्या प्रकृतीचा संबंध जेथें खरोखर येतो तीं ठिकाणें वेगळींच आहेत. १९४१ सालीं ऑस्ट्रेलियांतील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग ह्यांच्याकडे जन्मतः मोतीबिंदू असलेलीं अर्भकें एकामागून एक येऊं लागलीं. बहुतेकांच्या हृदयांतहि दोष होता. चौकशी करतां त्यांच्या आयांना गरोदरपणाच्या आरंभीं जर्मन गोवर, म्हणजे रुबेला, होऊन गेला होता असें निघालें. ह्या रोगावर आज लस आहे. आपल्या देशांत २०१७ पासून ती गोवराच्या लशीबरोबर मोठ्या प्रमाणावर देण्यांत येऊं लागली. ज्या मुलींना लहानपणीं ती मिळालेली नाहीं त्यांनीं ती गर्भधारणेपूर्वीं किमान एक महिना घ्यावी. गरोदरपणांत ती देत नाहींत. मधुमेह असलेल्या स्त्रीची साखर गर्भधारणेच्या वेळीं ताब्यांत नसेल तर बाळाच्या हृदयाला असलेला धोका कित्येक पट वाढतो. फेफरें, मानसिक विकार किंवा तोंडावरचे मुरूम ह्यांसाठीं दिलीं जाणारीं कांहीं औषधें हृदयाच्या घडणींत विघ्न आणतात. तीं आपल्या मनानें बंद न करतां डॉक्टरांच्या सल्ल्यानें आधींच बदलून घ्यावयाचीं असतात. आधींच, ह्या शब्दावर आमचा भर आहे. आठव्या आठवड्यापूर्वीं सर्व कांहीं ठरून जात असल्यामुळें बातमी कळल्यानंतर घेतलेली काळजी हृदयापुरती उशिराची ठरते. लग्नाच्या याद्या करतांना शालूच्या रंगावर चार दिवस खल होतो. त्यांतला अर्धा तास ह्या लशीसाठीं काढण्यास हरकत नसावी.

येथवर घडणीच्या वेळच्या दोषांचा विचार झाला. ह्याहून गूढ असा दुसरा एक प्रकार आहे. त्यांत हृदय जन्मतः निर्दोष दिसतें. बिघाड असतो तो विटेंत, आणि घर वीस-तीस किंवा पन्नास वर्षांनीं खचूं लागतें.

तरणाताठा मुलगा खेळतां खेळतां कोसळला व गेला, अशी हकीकत बहुतेक मोठ्या कुळांत एखादी तरी असते. घरांत ती ‘दृष्ट लागली’, ‘ऊन बाधलें’ अशा शब्दांनीं सांगितली जाते. १९५८ सालीं डोनाल्ड टिअर ह्या लंडनच्या शवचिकित्सकानें अशाच अकस्मात् गेलेल्या कांहीं तरुणांच्या हृदयांचें वर्णन प्रसिद्ध केलें. हृदयाचा मधला पडदा विलक्षण जाड झालेला, आणि स्नायूंचे तंतू नीट ओळीनें न लागतां विस्कटलेले. ह्या विकाराला आज हृदयस्नायूची अतिवृद्धि म्हणतात, आणि तो साधारण पांचशें माणसांत एकाला असतो. सर्वांनाच त्याचा त्रास होतो असें नाहीं. पुष्कळ जण म्हातारे होऊन दुसऱ्याच कारणानें जातात. पण थोड्यांत हृदयाचा ठेका एकाएकीं बिघडतो, आणि मग वेळच मिळत नाहीं.

ह्याचें मूळ सांपडलें त्याची हकीकत आपल्यासारख्या वंशावळी जपणाऱ्या लोकांनीं वाचण्याजोगी आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांत कोॲटिकूक नांवाचें गांव आहे. तेथल्या एका फ्रेंचभाषी घराण्यांत माणसें अवेळीं मरतात, असा परिसरांत बोभाटा होता. लोक त्याला शाप म्हणत. १९६१ सालीं पारे नांवाच्या डॉक्टरांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्या घराण्याची पिढ्यानुपिढ्यांची वंशावळ तयार करून प्रसिद्ध केली. कोण कोणाचा मुलगा, कोणाची मुलगी, कोण कोणत्या वयांत गेलें, हें सर्व तींत होतें. त्या वेळीं जनुकें वाचण्याचें साधन नव्हतें, म्हणून ती वंशावळ तशीच राहिली. पुढें अमेरिकेंतील क्रिस्टिन व जोनाथन सायडमन ह्या दांपत्याच्या प्रयोगशाळेनें तिचा धागा पकडून त्याच घराण्यांतील लोकांचें रक्त तपासलें. १९८९ सालीं दोष चौदाव्या गुणसूत्रावर आहे एवढें कळलें, आणि १९९० सालीं नेमकी जागा सांपडली. हृदयाच्या स्नायूंत मायोसिन नांवाचें प्रथिन असतें. नावाड्यांनीं वल्हीं मारावीं तसे त्याचे रेणू शेजारचे तंतू ओढतात आणि स्नायु आकसतो. १९३५ दुव्यांच्या त्या साखळींतला ४०३ वा दुवा बदललेला होता. शाप म्हणून जो सांगितला जात होता, तो एका अक्षराचा फरक निघाला! तीस वर्षांपूर्वीं कोणी तरी चिकाटीनें नांवें लिहून ठेवलीं नसतीं तर हें कार्य आणखी किती लांबलें असतें कोण जाणे.

पुढें असें दिसून आलें कीं, ह्या विकाराच्या जनुकांत सर्वांत अधिक वेळां दोषी ठरतें तें अकराव्या गुणसूत्रावरील ‘एमवायबीपीसी ३’. त्याचें प्रथिन मायोसिनच्या वल्ह्यांना लगाम घालतें. आणि येथें ही गोष्ट थेट आपल्या दारांत येते. २००३ सालीं भारतीय कुटुंबांत ह्या जनुकांतलीं २५ अक्षरें गळालेलीं आढळलीं. हैदराबाद येथील सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलेक्युलर बायॉलॉजी ह्या संस्थेचे कुमारसामी तंगराज व देशोदेशींचे त्यांचे सहकारी ह्यांनीं २००९ सालीं ह्या लोपाचा विस्तार किती आहे तें प्रसिद्ध केलें, तेव्हां वैद्यकजगत् चकित झालें. भारतीय उपखंडांतील सुमारें शेंकडा चार लोकांत तो आहे, आणि युरोपांत किंवा आफ्रिकेंत तो जवळजवळ नाहींच. दोनशें पानांच्या पंगतींत आठ जण तो बाळगून जेवत असतात, असा ह्याचा अर्थ. तो सुमारें तेहतीस हजार वर्षांपूर्वीं उत्पन्न झाला असावा, असाहि त्या संशोधकांचा अंदाज आहे. अर्थात् आपल्या जाती, गोत्रें आणि शाखा ह्यांहून तो फार जुना. त्यानें सोंवळें पाळल्याचें दिसत नाहीं.

हा लोप काम कसें बिघडवितो? जनुकांतला मजकूर सलग नसतो. पोथींत मूळ श्लोकांच्या मधून मधून टिपणें मिसळलेलीं असावीं तसा तो असतो, आणि पेशी त्याची नक्कल करतांना टिपणें गाळून श्लोक तेवढे जोडते. हीं २५ अक्षरें टिपणांतलींच आहेत. पण टिपण कोठें संपलें व श्लोक कोठें लागला हें ओळखण्याच्या खुणा तेथें असतात. खूण गेली म्हणजे नक्कल करणारा लेखनिक कधीं कधीं पुढचा श्लोकहि गाळून जातो, आणि प्रथिनाचें शेपूट भलतेंच होऊन बसतें. हृदय अशक्त होण्याचा धोका असा लोप असणाऱ्यांत पांच-सात पट अधिक आहे, असें २००९ च्या त्या अभ्यासांत दिसलें होतें. तरीहि तो इतका पसरला कसा? कारण त्रास होतो तो बहुधा उतारवयांत, मुलेंबाळें होऊन गेल्यावर. निसर्गाच्या चाळणींतून तो सहज निसटतो.

त्या वेळीं वर्तमानपत्रांनीं ह्या शोधाचा असा गाजावाजा केला कीं, जणू सहा कोटी भारतीयांच्या कपाळीं हृदयविकार लिहून ठेवला आहे. पुढील संशोधनानें हें चित्र पुष्कळच बदललें आहे, पण त्याचे मथळे झाले नाहींत. २०१८ सालीं अमेरिकेंतील दक्षिण आशियाई लोकांच्या अभ्यासांत असें दिसलें कीं, लोप असलेल्यांपैकीं ज्या थोड्यांजवळ त्याच जनुकांत आणखी एक बदल होता, त्यांच्याच हृदयाच्या चालींत विशेष फरक होता. २०२० सालीं दुसऱ्या एका अभ्यासानें लोपापासून दूर असलेला, त्याच प्रतीवर बसलेला एका अक्षराचा बदल शोधून काढला, आणि स्नायूच्या अतिवृद्धीचा बराचसा दोष त्या बदलाच्या पदरीं टाकला. नुसता २५ अक्षरांचा लोप हा त्यामानानें सौम्य ठरूं लागला आहे. थोडक्यांत, पंगतींतल्या त्या आठ जणांपैकीं बहुतेकांना घाबरण्याचें कारण नाहीं. नुसती थुंकी पाठवून ‘तुमच्या हृदयांत दोष आहे’ असें पत्र मागविणाऱ्यांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें. घरांत कोणी आजारी नसतां केलेली जनुकांची तपासणी उत्तरापेक्षां प्रश्नच अधिक निर्माण करते.

आतां घराण्याकडे वळूं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत आपल्याकडे कुलवृत्तांत प्रसिद्ध करण्याची मोठी हौस होती, आणि तें काम कित्येक घराण्यांनीं फार मेहनतीनें केलें. मूळ पुरुष कोंकणांतून कोठें गेला, कोणाला इनाम मिळालें, कोण कोणत्या खात्यांत होता, सर्व कांहीं त्यांत सांपडतें. परंतु हृदयाच्या दृष्टीनें त्यांत दोन मोठ्या उणिवा राहिल्या आहेत. पहिली ही कीं, माणूस कशानें गेला हें त्यांत बहुधा नसतें. ‘अल्पवयांत वारला’ ह्या दोन शब्दांवर बोळवण होते. दुसरी अधिक गंभीर आहे. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या कुळांत गेली कीं तिची शाखा तेथेंच खुंटते; तिच्या मुलाबाळांचा पत्ता नसतो. जनुक मात्र असा पंक्तिप्रपंच करीत नाहीं. हृदयस्नायूचा दोष असलेल्या बापाकडून तो मुलाकडे जावयाचा संभव जितका, तितकाच मुलीकडे जाण्याचा, म्हणजे निम्मा. आणि मुलीकडून तिच्या मुलांकडेहि निम्मा. ज्याच्या छातींत धोका दडलेला आहे तो भाचा कुलवृत्तांताच्या पानावर कोठेंच नसतो, आणि मामा अकस्मात् गेला ह्याचा आपल्याशीं कांहीं संबंध आहे हें त्याच्या ध्यानींमनींहि येत नाहीं.

विवाहाबद्दलहि दोन शब्द लिहिले पाहिजेत. सगोत्र विवाह टाळून आपण बापाच्या शाखेकडून येणारी जवळीक टाळतों, आणि सपिंडाचा नियम आईकडूनहि पांच पिढ्या मोजावयास सांगतो. तरीहि मामेबहिणीशीं लग्न करण्याची चाल देशावर व कर्नाटकाच्या सीमेकडे अनेक घरांत होती, क्वचित् अजूनहि आहे. सख्ख्या आते-मामे भावंडांचीं जनुकें आठांत एक भाग समान असतात. म्हणून जे दोष दोन्हीकडून मिळाल्यावांचून प्रकट होत नाहींत ते अशा जोडप्यांच्या मुलांत वर येण्याचा संभव वाढतो; जन्मजात हृदयदोषांचें प्रमाणहि अशा मुलांत थोडें अधिक आढळतें. ज्यांचीं अशीं लग्नें होऊन गेलीं आहेत त्यांच्यापैकीं फार मोठ्या बहुसंख्येचीं मुलें उत्तम प्रकृतीचीं असतात, हेंहि त्याबरोबर सांगितलें पाहिजे.

ह्या ज्ञानाचा उपयोग मुली नाकारण्याकडे होईल, ही भीति आम्हांसहि वाटते. पत्रिकेंतला मंगळ जाऊन त्या जागीं जनुक येऊन बसलें तर सुधारणा ती काय झाली? लहानपणीं भोक बुजविण्याची शस्त्रक्रिया झालेल्या मुलीच्या छातीवरचा व्रण लपवून लग्न उरकण्याचे प्रकार घडतात, आणि मग पहिल्याच बाळंतपणांत डॉक्टरांपुढें अर्धवट माहिती येते. त्यांतील बहुतेकींना डॉक्टरांच्या देखरेखीखालीं संसार व बाळंतपण निर्धास्त करतां येतें. लपविण्यानेंच धोका वाढतो. विम्याच्या बाबतींत पूर्वीं जनुकीय विकाराचें कारण दाखवून दावे नाकारले जात असत. २०१८ सालीं विमा नियामकानें आरोग्यविमा कंपन्यांस तसें न करण्याविषयीं कळविलें. घरांतल्या नियामकांना असें पत्र कोण पाठविणार?

करावयाचें तें फारसें अवघड नाहीं. घरांत कोणाला हृदयस्नायूचा असा विकार ठरला असेल, किंवा चाळिशीच्या आंत कोणी एकाएकीं गेलेलें असेल, तर त्याच्या आईबापांनीं, सख्ख्या भावाबहिणींनीं आणि मुलांनीं हृदयाचा आलेख व इको ह्या दोन तपासण्या करून घ्याव्या. पहिली तपासणी निर्दोष निघाली म्हणून कायमची सुटका होत नाहीं. वाढत्या वयाच्या मुलांनीं ती वर्षादोनवर्षांनीं आणि प्रौढांनीं तीन ते पांच वर्षांनीं पुन्हां करावी. जनुकांची तपासणी आरंभीं आजारी माणसाची होते. त्याच्यांत निश्चित दोष सांपडला तरच इतरांची करण्यांत अर्थ असतो, आणि मग त्यांतील निम्मे जण कायमचे चिंतामुक्त होतात. ज्यांच्यांत दोष निघतो त्यांच्यासाठीं औषधें आहेत, वाढलेला स्नायु कापून काढण्याची शस्त्रक्रिया आहे, आणि ठेका बिघडतांच आपोआप धक्का देऊन तो सुरळीत करणारें, छातींत बसविण्याचें लहानसें यंत्र १९८० पासून उपलब्ध आहे. मायोसिनच्या वल्ह्यांचा जोरच नेमका कमी करणाऱ्या मॅव्हाकॅम्टेन ह्या औषधास अमेरिकेंत २०२२ सालीं मान्यता मिळाली. कोॲटिकूकच्या घराण्याचें रक्त तपासल्यापासून तीस-बत्तीस वर्षांनीं.

आणि एक वही करावी. ती श्राद्धपक्षाच्या याद्यांबरोबर ठेवली तरी चालेल, कारण नांवें व तिथी त्याच लागतात. प्रत्येकाच्या नांवापुढें जन्मसाल, गेल्याचें साल व वय, आणि कशानें गेले हें डॉक्टरांनीं सांगितलेल्या शब्दांत लिहावें. ठाऊक नसेल तर शेवटीं काय झालें एवढें तरी लिहावें, म्हणजे चालतां चालतां पडले, झोपेंत गेले, पाय सुजत होते, पोहतांना बुडाले. पोहणें उत्तम येत असतां बुडालेला माणूस पुष्कळदां पाण्यानें गेलेला नसतो. चक्कर येऊन पडणारीं मुलें, तान्हेपणीं निळीं पडलेलीं अर्भकें, जन्मतः निराळे आंगठे ह्यांचीहि नोंद असावी. जीं अर्भकें बारशापूर्वींच गेलीं त्यांनाहि त्यांत एक ओळ द्यावी. मुलींच्या नांवापुढें सासरचें आडनांव, गांव आणि त्यांच्या मुलांचीं नांवें लिहून त्यासाठीं निम्मीं पानें राखून ठेवावीं. हें सर्व सांगूं शकणारी आत्याबाई किंवा थोरली काकू बहुतेक घरांत एखादीच उरलेली असते. तिच्याजवळ बसून आरंभ करावा.